गोळ्या माझ्या पर्समध्ये

माझा नवरा दिगंबर झुरळालाही घाबरायचा, पण डोंगर चढायची हौस दांडगी. १९८४ साली आम्ही अमेरिकेत, बॉथेलला राहत होतो. तिथल्या डोंगरातल्या ट्रेलवर अस्वल दिसल्याचं ऑफिसात कुणीतरी सांगितलं आणि हा तडक बंदुकीच्या दुकानात गेला. दुकानदार म्हणाला, अस्वलासाठी मोठं रिव्हॉल्व्हरच घ्या. मोठं हातात धरताच याने ते परत काउंटरवर ठेवलं आणि खिशात मावणारं छोटं रिव्हॉल्व्हर घेतलं.

मी घरी बजावलं, "भरलेलं घेऊन फिरायचं नाही. बंदूक तुझ्याकडे, गोळ्या माझ्या पर्समध्ये." त्याला हायसंच वाटलं.

पहिल्याच ट्रिपला हा दर दहा पावलांवर थांबून झाडीत बघत बसला. वैतागून मी एकटीच पुढे गेले. मागे काटक्या मोडल्या. वळून बघते तो आमच्या दोघांच्या मधोमध, वाटेवर, अस्वल! पलीकडे दिगंबरने डोळे घट्ट मिटून दोन्ही हातांनी रिव्हॉल्व्हर धरलं होतं.

टक. टक. टक.

आत गोळ्या नाहीत हे तो भीतीने साफ विसरला होता. अस्वल मात्र आपल्याच तंद्रीत झाडीत शिरलं.

दिगंबर धापा टाकत माझ्याजवळ आला. "वाचलो गं! यापुढे गोळ्या माझ्याकडेच दे."

मी पर्स पोटाशी आवळून मटकन खाली बसले. अस्वलाच्या मागे, त्याच नळीसमोर, मी उभी होते. ते त्याला अजून कळलंच नव्हतं.