इंजिनाला लावलेलं कुंकू

धरमतरच्या खाडीलगतच्या त्या गावात हिरामणला ओळखत नाही असा माणूस नव्हता, आणि त्याला हिरामण म्हणून हाक मारणाराही फारसा कोणी नव्हता. सगळे त्याला हेल्पर म्हणत. बापाचा जन्म मिठागरात मीठ ओढण्यात गेला. हिरामण मात्र रोह्याकडच्या एका कंपनीत चिकटला आणि अठ्ठावीस वर्षं हेल्पर म्हणून राबला. काम एकच. फिटर मशीनखाली शिरला की त्याच्या हातात पाना द्यायचा. या कामात हिरामणचा हात धरणारा कोणी नव्हता. फिटरने नुसता उसासा टाकला तरी याला कळायचं, की आता चौदाचा लागणार. पण एवढ्या वर्षांत स्वतः एक नट म्हणून त्याने आवळला नाही, कारण तो मान मेस्त्रीचा.

आता आमच्या भागात मेस्त्री म्हणवून घेणं ही काही फार मोठी गोष्ट नाही. भिंतीत खिळा सरळ गेला, तरी लोक माणसाला मेस्त्री म्हणायला लागतात. म्हणून तर आपल्याला कोणी तसं म्हणत नाही, हे हिरामणला जास्त लागायचं. रिटायर होताना शाल दिली, नारळ दिला, आणि साहेब भाषणात म्हणाले की असा हेल्पर पुन्हा होणे नाही. लोकांनी टाळ्या वाजवल्या. हिरामण त्या दिवशी घरी येऊन जेवला नाही.

पुढे दोन हजार तीन साली त्याने पेणच्या एका डॉक्टरांची जुनी मारुती घेतली. खाडीच्या खाऱ्या वाऱ्याने दोन पावसाळ्यांत तिची अशी गत केली, की पत्रा कुठे संपतो आणि गंज कुठे सुरू होतो ते सांगता येईना. तरी चालायची. एकदा पेणच्या गॅरेजवाल्याने बॉनेट उघडून सांगितलं, की टायमिंग बेल्टला चिरा पडल्यात, बदलून घ्या. हिरामण म्हणाला, मी घरीच बदलतो. गॅरेजवाला हसला नाही, एवढं मात्र त्याचं मानलं पाहिजे.

ही बातमी रोह्याला हिरामणच्या थोरल्या बहिणीकडे, धोंडुबाईकडे, पोचली आणि तिथून तिच्या नवऱ्याच्या कानावर गेली. बाबाजी भावोजी म्हणजे एस.टी.च्या वर्कशॉपात हयात घालवलेला खरा मेस्त्री. त्याने फोन केला. टायमिंग बेल्ट म्हणजे दातेरी पट्टा, वरच्या आणि खालच्या चाकाला एका तालात फिरवणारा. दोन्ही चाकं खुणेवर ठेवूनच तो चढवायचा. एक दात चुकला तर गाडी रुसते, चार चुकले तर जागची हलत नाही, हे सगळं त्याने लहान मुलाला समजवावं तसं समजावलं. हिरामण म्हणाला, ठाऊक आहे मला. मग बाबाजी म्हणाला, "दसऱ्याला सोनं द्यायला त्याच गाडीनं ये. आलास तर आळीतल्या समद्यांसमोर तुला मेस्त्री म्हणेन. नाय आलास, तर मरेस्तोवर हेल्पर म्हटलं की गुमान ओ द्यायची."

हिरामणने खंडेनवमीच्या सकाळी काम काढलं. शेजारचा जनू बांधावर बसून बघत होता. त्याला दुसरा उद्योग नव्हता. हिरामणने पट्ट्यावरचं झाकण काढलं, तर दोन्ही चाकांवर वर्षानुवर्षांच्या तेलाचं किटण होतं. ते पुसायचं सोडून त्याने डोकं चालवलं. जुना पट्टा आहे तिथे बरोबरच बसलाय, तेव्हा आहे त्याच जागी खुणा करून ठेवल्या की झालं. घरात रंग नव्हता. त्याने बायकोच्या करंड्यातलं कुंकू घेतलं, तेलात कालवलं, आणि वरच्या चाकावर एक, खालच्या चाकावर एक, असे दोन ठिपके दिले. चाकांमागच्या इंजिनाच्या अंगावर जुळत्या खुणा काही त्याने केल्या नाहीत. वरचा ठिपका जनूच्या फणसाकडे आणि खालचा खाडीकडे, एवढं लक्षात ठेवलं. मग पट्टा उतरवला आणि नवा आणायला पेणला गेला. वरच्या चाकाच्या नटाला पाना तसाच लटकत राहिला.

इकडे त्याची बायको बायजाबाई पूजेला बसली. खंडेनवमीला हत्यारं पुजायची, ही रीत कोणी तिला शिकवायला नको. तिने सगळे पाने धुतले, पाटावर मांडले, हळदकुंकू लावलं, झेंडूची फुलं वाहिली. मग गाडीकडे वळली. इंजिन उघडं दिसलं. हेही हत्यारच. वरच्या चाकावर नवऱ्याने आधीच एक बोट कुंकू लावलेलं बघून तिला फार बरं वाटलं. या माणसाला इतक्या वर्षांत एकदा तरी देवाची आठवण झाली म्हणायची. तिने उरलेली चार बोटं लावून पाच पुरी केली, खालच्या चाकालाही तशीच.

हिरामण परत आला. पाटावरचे पाने बघून खूश झाला. मग बॉनेटमध्ये डोकावला आणि तिथेच थांबला. वर पाच ठिपके, खाली पाच ठिपके, सगळे एका मापाचे, आणि पान्याच्या दांड्याला झेंडूची माळ. फणसाकडे एकही ठिपका नव्हता.

"बायजे," तो हळू आवाजात म्हणाला, "चाकं फिरवलीस काय गो?"

"व्हय. दोनी फिरवली, मागं हात पोचंना. पाना तुमीच लावून ठेवलावता, मना वाटलं त्याच्यासाटीच हाय."

तिने अर्धं चाक पुजून अर्धं कोरं कसं ठेवायचं, असंही विचारलं. हिरामण जोत्यावर बसला. उद्या दसरा. डोळ्यांसमोर बाबाजी आणि त्याची सगळी आळी दिसायला लागली. जनूने बांधावरून सल्ला दिला, की ग्रामदेवतेला कौल लावू. कोणता ठिपका खरा ते देव सांगेल. हिरामण इतका मेटाकुटीला आला होता की तो खरंच गुरवाकडे गेला. पाच वरचे, पाच खालचे, म्हणजे पंचवीस जोड्यांसाठी पंचवीस कौल. गुरवाने सगळं शांतपणे ऐकून घेतलं आणि दार लावून घेतलं.

दसऱ्याच्या सकाळी बायजाबाई पडवीत तांब्याची भांडी चिंच आणि राखेने घासत होती. हिरामण चहाला नको म्हणाला, तेव्हा तिला प्रकरणाचं गांभीर्य कळलं. तिने काय बिघडलंय ते नीट विचारून घेतलं. मग हातातला तांब्या उलटा करून त्याच्यापुढे धरला. काठाखाली टिंबाटिंबांनी तिचं नाव घातलेलं होतं.

"लग्नात समद्या आळीची भांडी मिसळतात," ती म्हणाली. "तवा मी कुंकू बघते काय? घासून नाव बघते. ज्यानं चाक केलंय त्यानं नाव नसंल घातलं व्हय?"

हिरामण काही बोलायच्या आत ती चिंच, राख आणि नारळाचा काथ्या घेऊन गाडीपाशी गेली. कालची पूजा झाली होती, तेव्हा आता पुसायला हरकत नव्हती. पातेल्याचं बूड घासावं तशी तिने दोन्ही चाकं घासली. किटण गेलं, कुंकू गेलं, आणि वरच्या चाकाच्या काठावर एक टिंब उमटलं, अगदी तांब्यावरच्यासारखं. खालच्या चाकावर दुसरं. मग तिने चाकांमागचं इंजिनाचं अंगही घासलं, तर तिथे वर एक खाच आणि खाली एक बाण. हिरामणला हे सगळं इतक्या वर्षांत हजारदा दाखवलं गेलं असेल, पण त्याचं लक्ष कायम पुढच्या पान्याकडे.

पुढचं मात्र दोघांनी मिळून केलं. टिंब खाचेसमोर, टिंब बाणासमोर. बायजाबाईने चाक धरलं आणि हिरामणने पट्टा चढवला, ताण दिला, पान्याने इंजिन दोन फेरे फिरवून पाहिलं. खुणा पुन्हा जागच्या जागी आल्या. चावी फिरवली. गाडी एकदा खोकली आणि सुरू झाली. जनूला जरा वाईटच वाटलं.

दुपारी नवराबायको आपट्याची पानं घेऊन निघाली. वडखळला गाडी बंद पडली नाही, नागोठण्याला नाही. निडीला हिरामणने ती मुद्दाम बंद केली, कारण पुन्हा सुरू होते का ते त्याला बघायचं होतं. बायजाबाई त्याला काय काय म्हणाली ते इथे सांगत नाही. गाडी सुरू झाली आणि तिथपासून रोह्यापर्यंत हिरामण मनातल्या मनात उत्तर घोकत राहिला. बाबाजीने विचारलं, कसं जमलं, तर म्हणायचं, अनुभव.

आळीच्या तोंडाशीच बाबाजी सातआठ माणसं जमवून उभा होता. त्याने बॉनेट उघडायला लावलं. पट्ट्याचं झाकण हिरामणने लावलंच नव्हतं. लोकांना दिसायला नको? बाबाजीने कान दिला, डोळे मिटले, बराच वेळ ऐकलं. मग त्या लख्ख चाकाकडे बघत राहिला.

"एवढं साफ चाक मी डेपोत पण नाय बघितलं," तो म्हणाला. "खूण शोधली कशी?"

हिरामणने तोंड उघडलं. बायजाबाई शेजारी पानांचं ताट घेऊन मुकाट उभी होती. ती काही बोलणार नव्हती, हे त्याला माहीत होतं. मशीन सुरू झाली की फिटर साहेबाला म्हणायचा, मी केलं, आणि मागे हात पुसत कोण उभा असायचा ते हिरामणइतकं कोणाला ठाऊक असणार? त्याला फार वाईट वाटलं, पण तो खोटं बोलला नाही.

"खूण हिनं शोधली," तो म्हणाला. "मी नुसता पाना दिला."

बाबाजी शब्दाचा पक्का. त्याने ताटातली दोन पानं उचलली आणि बायजाबाईपुढे धरली. "घ्या सोनं, मेस्त्री."

ही गोष्ट गाडीच्या आधी गावात पोचली. आता तिथे हिरामणला हेल्पर कोणी म्हणत नाही, मेस्त्रीचा नवरा म्हणतात. निम्मा तरी शब्द पदरात पडला, यावर तो खूश आहे. परवाच जनू बिघडलेला पाण्याचा पंप घेऊन आला आणि अंगणातून ओरडला, मेस्त्री हायेत काय घरात?

"हायेत," हिरामणने आतून ओ दिली. "बस जरा. तांब्या घासतायत." आणि तो चौदाचा पाना शोधायला लागला.