किसनचा बाप

दोन हजार तेवीस साल. मला अडुसष्टावं चालू होतं. दिवाळी होऊन गेलेली. उल्हासनगरात फर्निचरच्या दुकानांवर एक एसी हॉल आहे. तिथं भरल्या हॉलमध्ये साहेबांनी माझा आवाज वाजवला. भिंतीला दोन काळे स्पीकर टांगलेले, त्यातनं मी बोलायला लागलो. आधी मला वाटलं, कोण हा म्हातारा. मग कळलं, मीच.

आणि लोक हसायला लागले.

कशाला हसले ते सांगतो. त्याआधी माझं काम काय ते सांगायला लागेल.

बदलापूर पूर्वेला, कात्रपच्या पुढं, एका ट्रस्टच्या अँब्युलन्स आहेत. तीन गाड्या आणि एक फोनची खोली. अंबरनाथच्या कंपनीतनं रिटायर झाल्यावर मी तिथं अर्ध्या दिवसाच्या कामाला लागलो. सकाळी जायचं, दुपारी घरी. फोन वाजला की उचलायचा. कुठं, काय झालंय ते विचारायचं, गाडी धाडायची. आणि गाडी पोचेपर्यंत समोरच्याला धरून ठेवायचं. हे शेवटचं काम मोठं. समोरचा रडत असतो, नाहीतर शिव्या घालत असतो. ज्या डॉक्टरांनी ट्रस्ट काढला त्यांनीच मला ठेवलं. शिक्षण विचारलं. म्हणालो, चौथीत शाळा सुटली. ते म्हणाले, "राहू दे. तुझा आवाज घाबरत नाही."

एवढं सर्टिफिकेट मला पुरलं. मी ते छातीवर लावूनच खुर्चीत बसायचो. होय, मला गर्व आहे. अडाणी माणसानं गर्व करू नये असं कुठं लिहिलंय?

डॉक्टर मुलाकडं परदेशी गेले. नवे मॅनेजर आले, तेच हे साहेब. वयानं माझ्या धाकट्याएवढे. मला काका म्हणायचे, पण असं की ती शिवीच वाटावी. बोलणं एकदम शुद्ध. मी ठाकर आदिवासी, बारवी धरणाच्या अंगाचा. आमच्या तोंडात 'पाणी' येत नाही, 'पानी' येतं. तहान तेवढीच भागते.

तर तो हॉल. साहेब म्हणाले होते, सगळ्यांचं ट्रेनिंग आहे. ड्रायव्हर, फोनवाले, ट्रस्टी, देणगी देणारे लोक, सगळे बोलावलेले. पुढच्या ओळीत बाया अत्तर लावून बसलेल्या. साहेब म्हणाले, "फोनवर कसं बोलू नये, त्याचं एक उदाहरण ऐकवतो."

भातकापणीच्या दिवसांतला फोन होता तो. स्पीकरमधनं बाई म्हणाली, "गाडीवाले ना? गाडी धाडा. जनावर चावलंय."

जनावर म्हणजे साप. अशा वेळेला त्याचं नाव घेत नाहीत आमच्यात.

"कोणाला गं बाय?" हा मी.

"यांना."

"यांना म्हणजे मालकांना?"

"हां."

"नाव काय त्यांचं?"

स्पीकरमध्ये नुसता वारा. मग एक हुंदका.

हॉलमध्ये कोणीतरी खुसखुसलं. मला ती सकाळ आठवली. मला तेव्हाच कळलं होतं की माझं चुकलं, हे विचारायचं नव्हतं. आमच्या जुन्या वळणाच्या बाया नवऱ्याचं नाव घेत नाहीत. त्याचं आयुष्य कमी होतं म्हणतात. मी मानत नाही. पण जिचा नवरा पुढ्यात पाय धरून बसलाय, घामानं भिजलाय, तिला मी त्याच घटकेला सांगू, घे नाव? माझी आई माझ्या बापाचं नाव न घेता मेली. तिची जीभ कोणी ओढली नाही.

"पोरं हायेत का तुला?" स्पीकरमधला मी म्हणालो.

"एक हाय. किसन. शाळंत गेलाय."

"मग झालं. किसनचा बाप. तसंच सांगतो. पाडा कुठला?"

इथं हॉलमध्ये हशा फुटला.

साहेबांनी रेकॉर्डिंग थांबवलं. हसू ओसरू दिलं. मग म्हणाले, "पेशंटचं नाव, किसनचा बाप. वय? किसनच्या बापाएवढं."

परत हसले. साहेबांनी परत चालू केलं. गाडी निघाली होती, बाईला दम लागला होता, मी तिला बोलतं ठेवत होतो.

"घरी कोंबड्या हायेत का गं?"

"हायेत."

"अंडी घालतात का?"

"एक घालती. दुसरी नुसतीच खाती."

आता तर पुढच्या ओळीतली एक बाई डोळे पुसायला लागली, हसून हसून. "इमर्जन्सी लाइनवर कोंबड्या," साहेब म्हणाले.

मी खरं सांगतो. त्या सकाळी, ती असं म्हणाली तेव्हा, मीपण हसलो होतो. पलीकडनं तीपण हसली होती, बारीक. हसली म्हणून तिचा श्वास ताळ्यावर आला आणि मी सांगितलं तसं तिनं नवऱ्याला हलू दिलं नाही. ते हसणं तिचं होतं. हॉलमधलं तिच्यावरचं होतं.

सुरेश माझ्या शेजारी बसलेला. सुरेश म्हणजे त्या दिवशी गाडीवर असलेला ड्रायव्हर. डांबरी रस्ता संपल्यावर त्यानं त्या माणसाला पाठीवर घेऊन ओढा ओलांडला होता. किसनचा बाप वाचला तो त्याच्या पाठीमुळं. सुरेशपण हसला. तोंडावर हात ठेवून, पण हसला. ते मला जास्त लागलं.

मग साहेबांनी मला पुढं बोलावलं. हातात एक गुळगुळीत कार्ड दिलं. म्हणाले, "काका, आता योग्य पद्धत तुम्हीच वाचून दाखवा."

उभा राहिलो. चष्मा लावला. "नमस्कार," वाचलं. पुढचा शब्द लांब होता. "आप... आपत..."

थांबलो.

"काका, जोडाक्षर आहे. चावत नाही."

सगळे हसले.

चौथीत गुरुजींनी असंच उभं केलं होतं. अडलो की वर्ग हसायचा. ठाकराचं पोर वाचतंय म्हणून आधीपासूनच तोंडं हसरी करून बसायचे. एक दिवस मी पाटी तिथंच ठेवून बाहेर पडलो. बापाबरोबर रानात लाकडाला गेलो. परत कोणी बोलवायला आलं नाही. शाळेचं काही अडलं नाही. अडलं ते माझंच, जन्मभर, प्रत्येक फॉर्मला, प्रत्येक पाटीला.

कार्ड तोंडापुढं धरून मी ते वाक्य कसंतरी संपवलं. आपत्कालीन रुग्णवाहिका सेवेत आपले स्वागत आहे. कृपया रुग्णाचे संपूर्ण नाव सांगा. वाचताना डोक्यात एकच, स्वागत कसलं? साप चावलेल्याचं?

"छान. आता परत एकदा, न अडखळता."

चौथीत मी उठून गेलो होतो. ह्या वेळी मी बसलो. पुढच्या ओळीत एक खुर्ची रिकामी होती, तिच्यात बसलो. कार्ड मांडीवर पालथं घातलं.

"काका, मी बसा म्हणालो नाही."

"तुम्ही म्हणायची मी वाट बघत नव्हतो," मी म्हणालो. "साहेब, त्या बाईला विचारून वाजवलंत का हे?"

"हे ट्रेनिंग आहे काका."

"ती तुम्हाला हसवायला बोलली नव्हती."

साहेबांचं तोंड लाल झालं, पण आवाज चढला नाही. शिकलेल्या माणसाचा राग असाच असतो, इस्त्री केलेला. म्हणाले, "उद्यापासून फोन तुम्ही घेऊ नका. गाड्या धुतल्या जातात की नाही तेवढं बघा. आणि सगळ्यांनी नीट ऐका, उद्यापासून पेशंटचं पूर्ण नाव मिळाल्याशिवाय गाडी गेटबाहेर जाणार नाही."

"बाईनं नाव नाही घेतलं तर?"

"दुसरं कोणी सांगेल."

"घरात दुसरं कोणी नसलं तर?"

"मग ती शिकेल," साहेब म्हणाले.

हे तीन शब्द मी विसरणार नाही. माझी खुर्ची गेली त्याचा राग आलाच, खोटं कशाला बोलू. पण ह्या तीन शब्दांनी मी आतनं पेटलो. कशाच्या बदल्यात शिकेल? कोणाचा पाय काळा पडल्यावर?

येताना सुरेशनं गाडीत बसवून आणलं. विठ्ठलवाडी गेली, अंबरनाथ आलं. मग म्हणाला, "बाबा, माफी मागून टाका. मोठी लोकं, विसरतात."

"आणि तू कशाला हसलास?"

त्यानं गिअर बदलला. "सगळे हसले म्हणून," म्हणाला.

संध्याकाळी घरी बायको तांदूळ निवडत होती. तिला सगळं सांगितलं. ती म्हणाली, "कोंबड्यांचं विचारायला तुम्हाला दुसरी वेळ नाय मिळाली?" तिची ही नेहमीची तऱ्हा. मला राग आला. मी म्हणालो, "मला जनावर चावलं तर तू घेशील का माझं नाव?"

तिनं सूप खाली ठेवलं. बराच वेळ विचार केला. ही चेष्टा नव्हती, ती खरंच माझं नाव मनातल्या मनात घेऊन बघत होती.

"सांगीन, कात्रपचे फोनवाले बाबा," ती म्हणाली. "ओळखतील ना?"

"आजपर्यंत ओळखलं असतं. आता कार्ड आहे."

"मग मेलं ते कार्ड," ती म्हणाली आणि परत खडे वेचायला लागली.

सकाळी कामावर न जाता मी आधी पाड्यावर गेलो. टमटम डांबर संपेपर्यंत गेली, पुढं पायी. ओढ्याला घोट्याएवढं पाणी. पत्ता फोनवरच ऐकलेला, घर मी कधी बघितलं नव्हतं. एक बाई अंगणात पेंढा रचत होती. मी म्हणालो, "किसनचं घर हेच का गं बाय?"

तिचे हात थांबले. "कोंबड्यावाले बाबा," ती म्हणाली. तिनं आवाजावरनं ओळखलं. पाणी आणलं. किसनचा बाप ओट्यावर बसलेला, एक पाय अजून सुजट, हाताशी काठी.

मी लपवून काही ठेवलं नाही. तिचा आवाज कुठं वाजला, कोण हसलं, कशाला हसलं, सगळं सांगितलं.

"हसले?"

"हसले."

किसनचा बाप म्हणाला, "जाऊ दे. जीव वाचला ना."

"वाचला म्हणून हसायचं?" ती त्याच्यावरच उखडली. मग माझ्याकडं वळली. "आणि आता पूर्ण नाव सांगितल्याशिवाय गाडी नाय?"

"नाय."

तिनं शेजारच्या घराकडं बोट केलं. "तिचे दिवस भरत आलेत. नवरा वीटभट्टीवर. तिला तिचंच पूर्ण नाव सांगायचं झालं तर मधे नवऱ्याचं येणार. मग ती काय करंल?"

हे माझ्या डोक्यात आलं नव्हतं. इतकी वर्षं त्या खुर्चीत बसून आलं नव्हतं.

"ती शिकेल म्हणतात," मी म्हणालो.

तिनं पदर झाडला, पेंढ्याची काडी केसातनं काढली आणि नवऱ्याच्या हातात काठी दिली. "उठा," म्हणाली. "चला. मला बघायचाय तो."

आम्ही तिघं ऑफिसात पोचलो तेव्हा साहेब फोनच्या टेबलाशीच उभे होते. कार्ड टेबलावर चिकटपट्टीनं लावलेलं. माझी खुर्ची रिकामी. सुरेश दारात गाडी पुसत होता, त्यानं त्या दोघांना बघितलं आणि फडकं हातातच राहिलं. मी दोघांना बाकावर बसवलं आणि खुर्चीत बसलो.

"काका, तुम्हाला काल काय सांगितलं होतं? आणि हे कोण?"

"कालचं वाजवा साहेब," मी म्हणालो. "पहिल्यापासनं. आवाज मोठा करून. काल ती नव्हती, आज समोर बसलीय."

साहेबांनी तिच्याकडं बघितलं. हसायचा प्रयत्न केला. "अहो ताई, गैरसमज झालाय. तुमच्या मिस्टरांचं नाव काय?"

"त्यांनाच विचारा की," ती म्हणाली. "त्यांना तोंड हाय. त्या दिवशी बंद पडलं होतं."

साहेबांनी विचारलं नाही. रेकॉर्डिंगही लावलं नाही. मोबाईल काढला, ठेवला, परत काढला. ती बाई त्यांच्यावरनं नजर काढेना. फडकं घेऊन सुरेश आत आला आणि बाकाच्या मागं गेला. तिथंच उभा राहिला.

मी म्हणालो, "मला काढायचं तर उचलून काढा. माझं पूर्ण नाव तुमच्याकडं लिहिलेलं आहे. पण मी इथं आहे तोवर नावासाठी गाडी थांबणार नाही."

तेवढ्यात फोन वाजला. साहेबांचा हात पुढं आला. माझा आधी पोचला.

"काय झालंय ते सांगा," मी म्हणालो. "नावाचं मागनं बघू."