नाव कोरलेला हंडा

तरुणपणी मी सासूबाईंचा तांब्याचा हंडा देवाला देऊन टाकला. त्यांना न विचारता. एवढा मूर्खपणा पुन्हा माझ्या हातून झाला नाही, पण त्या दिवशी वाटत होतं, स्वर्गातली माझी जागा पक्की झाली.

मुखेडला नवी सून म्हणून आले तेव्हा मी मॅट्रिक पास आणि भक्तीचा नुसता ताप चढलेली. चर्चच्या पाळकांनी एका रविवारी सांगितलं, वस्तूंचा लोभ माणसाला देवापासून तोडतो. घरी येऊन मी लोभ हुडकायला लागले. स्वतःचा काही सापडला नाही. सासूबाईंचा लगेच सापडला, चुलीवर. देवणीहून, माहेरून आलेला हंडा. त्याचा काठ चिंचेनं घासून लखलखीत ठेवायच्या, कुणाला हात लावू द्यायच्या नाहीत. त्यांचे सांधे धरायचे. हंड्यातलं कढत पाणी अंगावर पडल्याशिवाय सकाळी पाऊल उचलायचं नाही.

पुढच्या रविवारी हंगामाचा सण. आमच्यात पहिलं पीक चर्चमध्ये वाहतात आणि उपासनेनंतर त्याचा लिलाव होतो. लोकांनी तूर, भोपळे, कोंबड्या आणल्या. मी सासूबाईंची अंघोळ होताच हंडा रिकामा केला, राखेनं काजळी काढली, चादरीत गुंडाळला आणि सगळ्यांच्या आधी नेऊन ठेवला.

लिलाव पुकारणाऱ्या गुरुजींनी तो फिरवून बघितला आणि काठावर कोरलेलं नाव खणखणीत वाचलं. सासूबाईंचं. घासताना ती अक्षरं माझ्या बोटांखालून गेली होती, पण माझं सगळं ध्यान टाळ्यांकडे. टाळ्या झाल्याही. सगळी मंडळी सासूबाईंकडे वळली. कुणीतरी म्हणालं, "काय मन हाय बाईचं!"

त्या पदर सावरून बसून राहिल्या. हे सुनेचं काम, असं एका शब्दानं बोलल्या नाहीत. हंडा उदगीरच्या एका पाहुण्यानं घेतला आणि एसटीच्या टपावर टाकून नेला.

तो हिवाळा मी दोन पातेल्यांत पाणी तापवत काढला. न्हाणीत नेईपर्यंत ते कोमट व्हायचं. सासूबाई भिंत धरून चालायच्या.

आता लातूरच्या फ्लॅटमध्ये गीझर आहे, सांधे माझे धरतात, आणि संपत्तीवरचं प्रवचन सुरू झालं की बसल्या जागी डोळा लागतो. किती ऐकायचं तेच ते! पण अंघोळीला बसले की त्या हिवाळ्यातली एक सकाळ आठवते. मी पातेलं टेकवलं आणि धीर करून म्हणाले, "आत्याबाई, चुकलं माझं. उदगीरला जाऊन हंडा मागून आणते."

सासूबाईंनी बोट बुडवून पाणी बघितलं. मग माझ्याकडे बघितलं.

"देवाला दिलेलं मागायला जातीस व्हय? राहू दे. पर एवढा लोभ हुडकत फिरलीस घरभर, तर तुझ्या टरंकेतल्या तीन रेशमी साड्या न्हाई दिसल्या गं तुला?"