चतकोर गोळी

चतकोर भाकरी असते तशी चतकोर गोळीही असते, हे मला मुलगी झाल्यावर कळलं. तिच्या हृदयाला जन्मतःच भोक होतं. ऑपरेशनने ते बुजणार होतं, पण त्यासाठी तिचं वजन वाढायला हवं होतं, आणि ते वाढेपर्यंत हृदयावरचा ताण कमी करणारं एक औषध चालू ठेवायचं होतं. औषध जुनं, साधं, कोपऱ्यावरच्या दुकानातही मिळणारं. फक्त ते मोठ्या माणसांच्या ब्लडप्रेशरचं होतं. परळच्या हॉस्पिटलातल्या डॉक्टरीणबाईंनी नीट समजावून सांगितलं: गोळीचे चार तुकडे करायचे, एक तुकडा कुस्करून पाण्यात कालवायचा, आणि त्यातलं थोडंसं पाणी बिनसुईच्या सिरिंजने बाळाच्या तोंडात सोडायचं. उरलेलं फेकून द्यायचं.

ऐकायला सोपं. प्रत्यक्षात गोळी सुरीखाली धरली की एक तुकडा मोठा निघे, दुसरा बारका, तिसऱ्याचा भुगा होई आणि चौथा उडून कपाटाखाली जाई. मी दादरला एका पतपेढीत नोकरी करते. तिथे कुणी "साधारण एवढं" म्हटलेलं मला चालत नाही. घरी मात्र पोटच्या पोरीच्या औषधाला रोज साधारण एवढंच म्हणायचं, याची मला विलक्षण चीड येई. कुणावर चिडायचं ते कळत नसे, म्हणून मी नवऱ्यावर चिडत असे. तो बिचारा कपाटाखाली हात घालून तुकडा शोधायचा.

सुट्टी संपून मी कामावर रुजू झाले तेव्हा सकाळ-रात्रीचं औषध माझ्याकडे राहिलं आणि दुपारचं सासूबाईंकडे गेलं. सासूबाई मालवणकडच्या. गिरण्या चालू होत्या तेव्हा त्यांनी आम्ही राहतो त्या लालबागच्या खोलीत कामगारांची खानावळ चालवली, त्यामुळे आवाज खणखणीत आणि हाताला माप. चाळीत कुणाकडे बाळ झालं की गुटी द्यायला बोलावणं यांनाच. सहाणेवर हळकुंड, वेखंड, जायफळ, मुरुडशेंग एकेक करून उगाळायचं आणि बाळाला चाटवायचं. बाळ जेवढं लहान तेवढे वळसे कमी. मी गिरगावची, त्यामुळे त्यांच्या मते मला गुटीतलंही कळत नाही आणि बांगड्यातलंही. बांगड्याच्या बाबतीत त्या चूक आहेत.

मुलीचं वजन वाढेना. दूध पिता पिता ती थांबायची, कपाळ घामाने भिजायचं, छाती भराभर वरखाली व्हायची. डॉक्टरीणबाई दर वेळी विचारत, औषध नियमित देता ना? मी म्हणे, एकही वेळ चुकवत नाही. एकदा त्यांनी मला बसवून सरळच सांगितलं. असंच चाललं तर ऑपरेशन लांबणार. फार लांबलं तर फुप्फुसं बिघडतील, आणि मग भोक बुजवूनही उपयोग होणार नाही. परळहून लालबागपर्यंत चालत आले, पण रस्ता काही दिसला नाही.

त्याच आठवड्यात एका दुपारी पतपेढी लवकर सुटली आणि मी न सांगता घरी पोचले. सासूबाई जमिनीवर बसल्या होत्या, मांडीवर मुलगी, पुढ्यात सहाण. त्या गोळीचा तुकडा दुधाच्या थेंबावर उगाळत होत्या आणि ओठांतल्या ओठांत वळसे मोजत होत्या. सहाणेच्या खरबरीत दगडावर औषधाचा पांढरा थर तसाच राहिला होता. जे बोटाला लागलं ते त्यांनी मुलीला चाटवलं.

मी काय काय बोलले ते आठवत नाही, पण गॅलरीतल्या बायकांना आठवतं. सासूबाईंनी सगळं ऐकून घेतलं. मग उठून त्यांनी, मी सकाळी औषध कालवलेली वाटी मोरीतून आणली आणि माझ्यासमोर तिरकी धरली. तळाशी पांढरा गाळ होता.

"अगो, तुझी गोळी वाटयेच्या बुडाक बसता," त्या म्हणाल्या. "पोरीच्या पोटात काय जाता, नुसता पाणी?"

म्हणजे माझंही औषध वाटीतच राहत होतं आणि त्यांचं सहाणेवर. वाटीतला गाळ बघून त्यांनी आपल्या परीने उपाय काढला होता. उपाय चुकीचा होता, पण दुखणं त्यांनी बरोबर ओळखलं होतं. दुसऱ्या दिवशी मी त्यांना डॉक्टरीणबाईंकडे घेऊन गेले. खरं सांगायचं तर त्यांना चार शब्द ऐकवले जावेत म्हणून नेलं होतं. डॉक्टरीणबाईंनी ऐकवलं काहीच नाही. त्यांनी आधी गोळी नीट कुस्करून, खूप ढवळून, गाळ बसायच्या आत औषध ओढून कसं घ्यायचं ते दोघींना करून दाखवलं. मग त्याच म्हणाल्या की हाही जुगाडच आहे. ही गोळी बाळासाठी केलेलीच नाही, आपण तिला जबरदस्तीने बाळाची करतो आहोत. काही देशांत हेच औषध लहान मुलांसाठी पातळ, मापात मिळतं. आपल्याकडे आणि आपल्यासारख्या कितीतरी देशांत आया अशाच सुरी घेऊन बसतात.

सासूबाईंनी विचारलं, "बारक्या पोरांचा औषध बारक्या पोरांसाठी कोण करीत नाय काय?"

डॉक्टरीणबाई म्हणाल्या, खप कमी, नफा त्याहून कमी. सासूबाई गप्प झाल्या. त्या गप्प झाल्या की आमच्याकडे सगळे सावध होतात.

पुढचे काही आठवडे आम्ही दोघींनी मुंबई पालथी घातली. परळची औषधांची दुकानं झाली, दादरची झाली, माझ्या माहेराजवळचा प्रिन्सेस स्ट्रीटचा घाऊक बाजारही झाला. सगळीकडे एकच उत्तर, सिरप येत नाही. एकाने त्याऐवजी भूक वाढवायचं टॉनिक पुढे केलं. मी त्याला असं काही सुनावलं की सासूबाईंनीच मला दंडाला धरून बाहेर काढलं, आणि बाहेर आल्यावर म्हणाल्या, गिरगाववाली असूनही बरी बोललीस. त्यांच्याकडून मिळालेलं हे पहिलं प्रशस्तिपत्रक.

त्या दिवशी रसाच्या दुकानात बसलो असताना त्यांना जुनी गोष्ट आठवली. माझा नवरा लहान होता तेव्हा डॉक्टर औषध लिहून देत आणि दवाखान्यातला कंपाउंडर ते तिथेच बनवून देई. बाटलीवर कातरलेली कागदाची पट्टी, एका खुणेपासून दुसरीपर्यंत एक डोस. मग आता कुणालाच बनवता येत नाही का? प्रश्न इतका साधा होता की तो मला सुचला नव्हता. मी डॉक्टरीणबाईंना फोन लावला. त्या म्हणाल्या, बनवतात. आमच्याच हॉस्पिटलच्या फार्मसीत बनवतात, पण फक्त वॉर्डात भरती असलेल्या मुलांसाठी.

औषध आमच्या घरापासून चालत जाण्याच्या अंतरावर होतं.

फार्मसीचे प्रमुख निवृत्तीला आलेले, बारीक चणीचे, हळू बोलणारे गृहस्थ होते. त्यांनी नकार दिला, पण कारणं खरी दिली. ही बाटली फार दिवस टिकत नाही. थंड ठेवावी लागते, दर वेळी हलवावी लागते. वॉर्डात नर्स असते, घरी कोण बघणार? उद्या माप चुकलं तर बाळाचं ब्लडप्रेशर खाली जाईल. मला त्यांचं पटत होतं, म्हणून जास्तच राग येत होता.

सासूबाईंना रागबिग काही आला नाही. त्या म्हणाल्या, "आमका शिकवा, नि परीक्षा घ्या."

ते हसले आणि फार्मसीची खिडकी लावून घेतली. मग सासूबाई त्यांच्या खनपटीलाच बसल्या. ओपीडीच्या दर दिवशी त्या मुलीला घेऊन खिडकीसमोरच्या बाकावर हजर. मीही शिल्लक होती नव्हती ती सगळी रजा काढली. बाकावर शेजारी बसणाऱ्या आयांच्या पर्समध्येही तशाच अर्ध्यामुर्ध्या गोळ्या होत्या, कुणाची झटक्यांची, कुणाची किडनीची. सासूबाई प्रत्येकीला विचारत, तू कशी देतेस? एक चमच्याने चिरडायची, एक लाटण्याने. एकीने सांगितलं की तिचा मुलगा कडू भुगा थुंकून टाकतो, मग ती केळ्यात लपवून देते. हळूहळू खिडकीवर आम्ही दोघीच नाही, सगळा बाकच जाऊ लागला. डॉक्टरीणबाईंनीही वर बोलणी केली. शेवटी प्रमुखांनी खिडकी उघडून सासूबाईंना आत बोलावलं आणि खरोखरच परीक्षा घेतली.

त्या नापास झाल्या. बाटली हलवली, सिरिंज डोळ्यांसमोर धरून औषध रेषेपर्यंत बरोबर ओढलं, सगळं छान. मग प्रमुखांनी विचारलं, बाळाने औषध ओकून टाकलं तर? सासूबाई आत्मविश्वासाने म्हणाल्या, परत देईन. गुटी अशीच देतात. प्रमुख म्हणाले, नाही. थोडं पोटात गेलेलं असतं, त्यावर पुन्हा दिलं तर जास्त होतं, आधी डॉक्टरांना विचारायचं. रात्री भाकऱ्या थापताना सासूबाई मला म्हणाल्या, विचार मला. मी प्रश्न विचारत गेले, त्या उत्तरं देत गेल्या. पुढच्या वेळी पास झाल्या आणि बाटली पदराखाली धरून घरी आणली. फ्रीजमध्ये बांगड्याचा डबा खाली गेला आणि वरच्या कप्प्यात ती बाटली एकटी राहिली.

मुलगी दूध संपवू लागली. आधी कपाळ कोरडं झालं, मग गाल भरले. वजनकाट्यावर ठेवताना मी डोळे मिटून घेत असे आणि सासूबाई आकडा मोठ्याने वाचत. एके दिवशी डॉक्टरीणबाईंनी ऑपरेशनचा दिवस ठरवला. ते नीट पार पडलं. त्या रात्री आयसीयूबाहेर मी सासूबाईंच्या खांद्यावर डोकं ठेवून रडले, आणि त्यांनी मला रडू दिलं.

काही महिन्यांनी तपासणीत औषध बंद करायला सांगितलं. सासूबाईंना ही बातमी फार्मसीच्या खिडकीवर स्वतः द्यायची होती. तिथे एक तरुण बाप प्रमुखांशी बोलत उभा होता. झारखंडमधल्या एका गावचा. त्याचा मुलगा खांद्यावर झोपला होता, कपाळावर तोच घाम. मुलाला वॉर्डातून घरी सोडलं होतं. वजन वाढलं की ऑपरेशनसाठी परत यायचं होतं. प्रमुख त्याला सांगत होते की ही बाटली प्रवासात, उन्हात टिकणार नाही, आणि गावाकडे ती कुणी बनवून देणार नाही. त्यांनी त्याच्या हातात गोळ्यांची पट्टी ठेवली.

सासूबाईंनी त्याला बाकावर बसवलं. आपल्या मोडक्या हिंदीत शिकवलं: तुकडा कसा करायचा, कसा कुस्करायचा, ढवळून लगेच कसं ओढायचं, ओकला तर काय करायचं नाही. तो मन लावून ऐकत होता. मग माझ्या कडेवरच्या मुलीकडे बघून त्याने विचारलं, "आपकी बच्ची को भी यही दिया था?"

सासूबाईंनी एकदा खिडकीकडे पाहिलं. मग त्याच्या डोळ्यांत बघत म्हणाल्या, "हां. येईच दिया."

त्याचा चेहरा मोकळा झाला. त्याने पट्टी खिशात ठेवली, त्यांना नमस्कार केला आणि मुलाला सावरत जिन्याकडे गेला. सासूबाई बाकावर तशाच बसून राहिल्या, हात मांडीवर टाकून. मी मुलीला त्यांच्याकडे दिलं आणि खिडकीच्या रांगेत उभी राहिले. माझा नंबर आला तेव्हा प्रमुखांनी माझ्या हातातला तपासणीचा कागद वाचला, चष्मा वर केला आणि म्हणाले, तुमचं तर बंद झालं ना, आता काय हवंय?

मी म्हटलं, "झारखंडपर्यंत टिकेल असं हवंय. कुणाकडे जाऊ सांगा."