इंजिनातली शिट्टी

मिरजगावच्या अजिनाथची सात सीटांची गाडी आसपासच्या वस्त्यांवर 'डायलिसिसची गाडी' म्हणूनच ओळखली जायची. आठवड्यातून दोनदा तो पेशंट गोळा करून नगरच्या दवाखान्यात न्यायचा आणि सगळ्यांचं उरकलं की ज्याला त्याला दारात सोडायचा. पुढची सीट बनुबाईंची. मागं बसलं की त्यांना मळमळायचं. त्यांचे यजमान रंगनाथतात्या मागच्या सीटवर पिशवी मांडीवर धरून बसत.

भरल्या गाडीत एसी लावला की चढावर गाडी दम टाकायची. उसाच्या ट्रॉलीला ओलांडायचं तर अजिनाथला धाकधूक वाटे, आणि उशीर झाला की दवाखान्यात नंबर मागं जाई. नगरच्या एका गॅरेजमधला श्रीमंत नावाचा मेकॅनिक लॅपटॉप जोडून इंजिनाच्या कंप्युटरची सेटिंग बदलतो, असं त्यानं ऐकलं होतं. एकदा पेशंट आत गेल्यावर तो तिकडं गेला.

"कंपनी ताकद दाबून ठेवती," श्रीमंत म्हणाला. "मी फक्त मोकळी करतो."

"पन गाडी वॉरंटीत हाय अजून."

"कोण बघतंय? तशीच वेळ आली तर कंपनीच्या सेटिंगची जुनी फाईल परत टाकून देईन."

पेशंट बाहेर यायच्या आत काम झालं. गाडी खरंच बदलली. पाय ठेवला की झेपावायची. बनुबाई म्हणाल्या, "आज लई लवकर आलो की रं घरी." अजिनाथनं हसून गाडी वळवली.

पुढं काही महिन्यांनी इंजिनातून बारीक शिट्टी यायला लागली. आधी फक्त चढावर, मग सपाट रस्त्यावरही. सर्व्हिस सेंटरला दाखवावी, हे त्याला कळत होतं. पण तिथं लॅपटॉप जोडला की बदललेली सेटिंग दिसेल, ही भीती. तो गाण्यांचा आवाज वाढवून गाडी चालवत राहिला.

रुईछत्तीशीच्या अलीकडं एका सकाळी मागं काळा धूर उठला आणि गाडी जागेवर बसली. इंजिनात हवा दाबून भरणारा पंखा, टर्बो, फुटला होता. त्याचे तुकडे इंजिनात गेले होते. पेशंट उन्हात रस्त्याच्या कडेला बसले. बऱ्याच वेळानं एक रिकामा टेम्पो थांबला. बनुबाईंना दोघांनी उचलून वर घेतलं.

अजिनाथनं गाडी ओढून आधी श्रीमंतकडं नेली. जुनी फाईल परत टाकून घेतली आणि मगच सर्व्हिस सेंटर गाठलं. तिथल्या इंजिनिअर निवेदिता मॅडमनी तपासणी करून त्याला आत बोलावलं.

"इंजिनाच्या सॉफ्टवेअरला कुणी हात लावला होता का?"

"न्हाई मॅडम."

"कंप्युटरवर नवीन फाईल टाकली की त्याची नोंद आतच राहते. जुनी परत टाकली तरी ती पुसत नाही. ह्या गाडीत दोनदा फाईल टाकलीय आणि आम्ही एकदाही टाकलेली नाही."

अजिनाथ म्हणाला, "पन टर्बो त्यानंच गेला कशावरनं?"

"टर्बोवर ठरल्यापेक्षा जास्त दाब पडत होता, तेही त्यात आहे. ब्रेक, एसी, बाकीच्या गोष्टींची वॉरंटी तशीच राहील. इंजिनची आणि टर्बोची नाही मिळणार." मग मॅडमनी विचारलं, "आधी आवाज आला असेल ना? तेव्हाच आणली असती तर इंजिन तरी वाचलं असतं."

गावात त्यानं सांगितलं, कंपनीनं फसवलं. लोकांना ते पटलं. नव्या इंजिनाचा खर्च त्याला झेपेना, म्हणून गाडी सेंटरच्या आवारात धूळ खात राहिली.

बाकीच्या पेशंटांनी आपापली सोय लावली. रंगनाथतात्यांची वस्ती रस्त्यापासून आत, आणि बनुबाईंना एसटीची पायरी चढवत नव्हती. कधी कुणाची गाडी मिळे, कधी नाही. दोन-चार खेपा हुकल्या. पायांवरची सूज पोटापर्यंत चढली, मग त्यांना दम लागायला लागला. शेवटी ॲम्ब्युलन्स आली, पण नगर यायच्या आधीच त्या गेल्या.

दहाव्याला अजिनाथ नदीवर गेला. तात्या पाहुण्यांना सांगत होते, "ह्या पोरानं लई केलं आमचं. कंपनीनंच दगा दिला त्याला."

अजिनाथला ते ऐकवेना. पाहुणे पांगल्यावर तो त्यांच्याजवळ बसला.

"तात्या, कंपनीनं न्हाई दगा दिला. गाडी पळावी म्हून मी इंजिनचं सेटिंग बदलून घेतलं हुतं. नंतर आवाज येत हुता, तरी पकडलो जाईन म्हून दाखवली न्हाई."

तात्या त्याच्याकडं वळले.

"किती दिस येत हुता आवाज?"

"लई दिस."

"ती तुझ्या शेजारीच बसायची," तात्या म्हणाले. "घरी आली की म्हनायची, अजिनाथच्या गाडीत गानी लई मोठ्यानं लागत्यात. डोकं दुखायचं तिचं."

ते उठले, धोतर झटकलं आणि एकटेच वस्तीच्या वाटेला लागले. त्यानंतर ते अजिनाथशी कधी बोलले नाहीत. गावात त्यांनी कुणाला काही सांगितलंही नाही. गाव अजूनही कंपनीलाच शिव्या देतं, आणि अजिनाथ ते ऐकून घेतो.

गाडी त्यानं सेंटरमधूनच भंगारवाल्याला देऊन टाकली. आता तो घोडेगावच्या बाजारात जनावरं नेणाऱ्या एका व्यापाऱ्याचा टेम्पो चालवतो. वाटेत कुणी हात केला तरी माणूस बसवत नाही.