बहिणीच्या अर्जातला रिकामा रकाना

सतराव्या वर्षी आमच्या गल्लीत माझ्याइतकं शहाणं कुणी नव्हतं. हे माझं मत, गल्लीचं नव्हे. निजामाचं राज्य जाऊन तीन-चार वर्षं झाली होती, तरी परभणीच्या कचेरीतले छापील कागद अजून उर्दूतच असायचे, आणि मी सातवीपर्यंत उर्दूत शिकलेली. त्यामुळं शेजारच्या गोऱ्या वैनी अर्ज घेऊन आल्या तेव्हा मी पदराला हात पुसून अशी बसले, जणू तहसीलदारच.

वैनी पोलंडच्या. नवरा कोल्हापूरचा, जनावरांचा डॉक्टर. पेडगाव-ताडकळसच्या मेंढ्या तपासत फिरायचा. उर्दू त्यालाही येत नव्हती. वैनी कोल्हापूरजवळच्या निर्वासितांच्या छावणीत वाढल्या, म्हणून त्यांची मराठी तिकडची, ठसक्याची.

युद्धात रशियाच्या शिपायांनी ऐन थंडीत पहाटे त्यांचं दार ठोठावलं. अर्ध्या तासात निघा म्हणाले. आईनं घाईत उशा घेतल्या, भांडी राहिली. तीन आठवडे मालगाडीचा बंद डबा, मग उत्तरेच्या जंगलात लाकूडतोड. वडील तिथंच गेले. सुटका होऊन दक्षिणेकडं येताना धाकट्या बहिणीला ताप भरला. वाटेतल्या एका दवाखान्यात तिला उतरवून घेतलं आणि गाडी सुटली. पुढं इराणात आईही गेली. उरली ती बहीण, असलीच तर माझ्याच वयाची. हरवलेली माणसं शोधणाऱ्या परदेशी संस्थेकडं कचेरीतून अर्ज जायचा होता.

"माझ्या वडलांचं आडनाव घाल की गं," वैनी म्हणाल्या.

"तुमाला न्हाई कळायचं हितलं. लगीन झालं की माहेरचं गेलं. माझं तर नाव बी बदललं."

मी त्यांचं लग्नातलं मराठी नाव लिहिलं, पुढं डॉक्टरांचं नाव आणि आडनाव.

"अन् बहिणीचं?"

"माझ्याच वयाची म्हनता, तवा तिचं बी लगीन झालंच असंल. सासरचं आडनाव ठावं हाय का?"

"मला कुठनं ठाऊक असणार?"

"मग तो रकाना रिकामा ठिवू. खोटं कशाला लिव्हायचं?"

इतकी मी खरी. वैनींनी माझ्याकडं बघितलं, पण इथली रीत मलाच ठाऊक असणार असं त्यांना वाटलं. वाटणारच, मी बोललेच तशी होते.

त्यानंतर वैनी दर बाजाराच्या दिवशी कचेरीत. कारकून पान चघळत म्हणायचा, "आया नहीं." चौदा महिन्यांनी उत्तर आलं. तुमच्या आडनावाचं कुटुंब यादीत नाही. बहिणीच्या नावाच्या मुली हजारो, आडनाव कळवा.

पत्र इंग्रजीत होतं, डॉक्टरांनी ते वाचून दाखवलं. मी म्हणाले, "कसली माणसं हायती, येवढं बी कळंना त्यांला." खरंच म्हणाले. घरी जाऊन भाकरी थापताना डोक्यात उजेड पडला, आणि भाकरी करपली.

दुसरा अर्ज मीच लिहिला, माहेरच्या आडनावानं. पुन्हा बाजाराचे दिवस, पुन्हा पान. वर्ष उलटून गेलं. मग उत्तर: बहीण सापडली होती. अनाथाश्रमातून मायदेशी परत गेली, तिथून तिनंही, आमचा पहिलाच अर्ज गेलेला असताना, वैनींचा शोध मागितला होता. माहेरच्या आडनावानं अशी कुणी विचारणा केलेली नाही, असं तिला कळवण्यात आलं. त्यानंतर तिनं ते गाव सोडलं. नवा पत्ता नाही.

वैनींनी मला शिव्या द्यायला हव्या होत्या. मी तयारीनं गेले होते. रडायचं, पाया पडायचं, सगळं ठरवून. त्या म्हणाल्या, "बस. चहा घेणार?"

तोवर आमचा मराठवाडा मुंबई राज्यात गेला होता, कचेरीचे कागद मराठीत झाले होते आणि वैनी देवनागरी शिकल्या होत्या. तिसरा अर्ज त्यांनी स्वतःच लिहायला घेतला. माझी काहीच गरज नव्हती, तरी मी शेजारी बसून राहिले.

"आडनाव लिव्हलं का?" मी विचारलं.

त्या लिहीतच राहिल्या. कागद त्यांनी माझ्याकडं फिरवला नाही.