टॉलबट साहेबांचा डावा बूट

१९६७च्या त्या उन्हाळ्यात ब्रिटिशांच्या हाँगकाँगमध्ये रस्त्यांवर डाव्या दंगलखोरांचे बॉम्ब सापडत होते, नळाला चार दिवसांतून एकदा पाणी येत होतं, आणि टॉलबट साहेब पलंगाखाली लपवून बॅग भरत होते. बेट सोडून पळायची वेळ आलीच तर गोऱ्यांना बोटीत कसं चढवायचं, हे ठरवणाऱ्या सरकारी गुप्त समितीत ते होते. बायकोलाही सांगायचं नाही, अशी शपथ होती. पण पलंगाखाली झाडणारी मोलकरीण आ यूक त्या शपथेत धरलेली नव्हती.

आ यूकनं तरुणपणीच, तिच्या मुलखाच्या रिवाजाप्रमाणे वेणी घालून, जन्मभर लग्न न करण्याचं व्रत घेतलं होतं. त्यामुळे नवरे या विषयातला तिचा अभ्यास लांबूनचा, पण दांडगा. बॅगेत तिला बाईसाहेबांचा लोकरी कोट दिसला. बायकोचे कपडे चोरून कुणासाठी नेतात, हे काय सांगायला हवं?

सुट्टीच्या दिवशी तेच व्रत घेतलेल्या, साहेबांकडे कामाला असलेल्या सगळ्या बहिणी आपल्या भाड्याच्या खोलीवर जमल्या.

"आमच्या साहेबानं दुसरं घर थाटलंय," आ यूक म्हणाली. "बाई रागावून विलायतेला गेली, की या वयात मला कामाला कोण ठेवणार?"

"आमच्याही साहेबाच्या पलंगाखाली बॅग आहे," फुंगताई म्हणाली. "आणि कोट बायकोचाच. मेल्याला नवा घ्यायला होत नाही."

कोपऱ्यातून आणखी दोघींनी माना डोलावल्या.

"प्रत्येकीनं बॅगेतला डावा बूट काढून ठेवा," फुंगताईनं फर्मावलं. "एका बुटावर कुणी बाईकडे जात नाही."

पुढच्या बैठकीत समितीनं नमुना म्हणून आपल्याच सदस्यांच्या बॅगा तपासल्या. चार बॅगा, चार उजवे बूट. टॉलबट साहेब लालबुंद होऊन घरी आले.

"आ यूक, माझा डावा बूट कुठाय?"

"त्या दुसऱ्या बाईला विचारा."

बाईसाहेबांनी कप खाली ठेवला. साहेबांना शपथ आठवली.

"हो," ते म्हणाले. "आहे एक बाई."

बाईसाहेब हसत सुटल्या. "हॅरल्ड, तुला एका बायकोचा वाढदिवस लक्षात राहत नाही." त्यांनी बॅग ओढून उघडली. "आणि या उकाड्यात कुठल्या बाईला लोकरी कोट लागतो? आपल्याला थंडीच्या देशात पळावं लागणार आहे, होय ना?"

साहेबांनी कोट पुन्हा घडी घालून बॅगेत ठेवला.

"मग आ यूकचं काय?" बाईसाहेबांनी विचारलं.

"त्याबद्दल मला काही सांगता येत नाही."

आपल्याला बरोबर नेणार नाहीत, हे आ यूकला समजलं. दुसरी बाई असती तर परवडलं असतं. ती आत जाऊन बूट घेऊन आली, पण दिला नाही.

"हा माझ्याकडेच राहील, साहेब. निघायच्या दिवशी मागा."

"का?"

"म्हणजे निघालात हे मला कळेल."

बेट सोडून पळायची वेळ काही आली नाही. काही वर्षांनी साहेब रीतसर निवृत्त झाले. बोटीच्या दिवशी सकाळी ते एका पायात बूट, दुसऱ्यात नुसता मोजा, असे स्वयंपाकघराच्या दारात येऊन उभे राहिले.

"आ यूक," ते म्हणाले, "आम्ही निघालो."

बूट तयार होता. तिनं त्याला दर आठवड्याला पॉलिश केलं होतं.